आमचं काजू फोडायचं मशीन मोझांबिकमधल्या बायकांनी दोन आठवड्यांत बाजूला ठेवलं, आता काय करू?

चौथंवर्ष_मेकॅनिकल

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांब लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील.

मी गोव्यातच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच जणांचा ग्रुप, फायनल इयर प्रोजेक्ट. आमच्यातल्या एकीचे मामा मोझांबिकमध्ये नाम्पुला प्रांतात पाद्री आहेत, त्यांच्या भागात काजू भरपूर, आणि तिथल्या एका गावात तीसेक बायकांचा गट आहे जो बिया घरीच भाजून, लाकडाच्या दांड्याने फोडून गर विकतो. मामांनी व्हिडिओ पाठवला होता, त्यात बायकांचे हात काळे पडलेले, बोटांची सालं निघालेली. तो बघून आम्ही ठरवलं की यांच्यासाठी पायाने चालणारं कटिंग मशीन करायचं, वीज लागणार नाही असं. दोन पाती, पायात पेडल, हातात एक लिव्हर. इथल्या एका काजू कारखान्यात जाऊन त्यांची मशीनं बघितली, मापं घेतली, चाळीस किलो बिया आणल्या, वर्कशॉपमध्ये महिनाभर चाचण्या केल्या. शंभरातले 88 गर अख्खे निघायला लागले तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो.

नोव्हेंबरात आम्ही दोघे जण गेलो (त्यांचा हंगाम ऑक्टोबरपासून असतो, आपल्याकडे मार्च ते मे, त्यामुळे टायमिंग जुळलं). मुंबई, आदिस अबाबा, मापुतो आणि मग नाम्पुला. मशीन सुटं करून सामानातून नेलं, तिथे जोडलं, चार दिवस ट्रेनिंग दिलं, बायकांनी चालवलं, गाणी म्हटली, फोटो काढले. आम्ही परत आलो.

दोन आठवड्यांनी मामांचा व्हॉइस मेसेज. मशीन शेडच्या कोपऱ्यात कापड घालून ठेवलंय. बायका परत दांड्याने फोडतायत. विचारलं तर म्हणतात, मशीन चांगलं आहे, आम्ही ते जपून ठेवलंय.

आता आमचं सबमिशन तीन आठवड्यांवर आलंय. गाइड म्हणतात 88 टक्क्यांचा टेबल टाका, फील्डवर दिलं असं लिहा, फोटो लावा, विषय संपला. मला ते पटत नाहीये आणि झोपही लागत नाहीये. मोटर बसवू का? पाती बदलू? की ते मशीन त्यांना नकोच होतं? काजूतलं किंवा अशा बाहेरच्या देशातल्या कामाचं कुणाला काही माहीत असेल तर प्लीज सांगा.

पर्वरीकर

राग मानू नको, पण मोझांबिकच का? आपल्याच गोव्यात सांगे, काणकोणला असे वाडे आहेत जिथे अजून पावसाळ्यात रस्ता नाही, तिथल्या बायकाही काजूच गोळा करतात. आधी घरचं बघा ना. विमानाच्या तिकिटाच्या पैशात इथे काय काय झालं असतं.

चौथंवर्ष_मेकॅनिकल

@पर्वरीकर तुमचा मुद्दा घरच्यांनीही काढला होता. तिकीट आम्ही वर्गणी आणि घरून मिळून काढलं. मोझांबिक अशासाठी की त्या बायकांनी मामांकडे मदत मागितली होती, आम्ही नकाशावर बोट ठेवून देश निवडला नव्हता. आणि एक गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोझांबिक काजूत जगात पहिल्या नंबरला होता, मग यादवी युद्ध, आणि नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या अटींमुळे कच्च्या बियांच्या निर्यातीवरचा कर कमी करावा लागला. मग कच्च्या बिया सरळ बाहेर जायला लागल्या, तिथले कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. त्या बिया कुठे गेल्या? भारतातच आल्या. म्हणजे त्यांचं काम आपल्याकडे आलं. मला वाटतं आपलं थोडं देणं लागतं. काणकोणचंही लागतं हे मान्य.

सत्तरीची_मावशी

बाबा, मी सांगतेय आणि माझा नातू टाइप करतोय. मी 26 वर्षं काजू कारखान्यात काढली, त्यातली पहिली नऊ कटिंगला आणि मग ग्रेडिंगला. तुझं सगळं दोनदा वाचून घेतलं.

आधी मला हे सांग, तू चाचणी कुठल्या बियांवर केलीस? कारखान्यातून आणल्या म्हणतोस म्हणजे वाफवलेल्या असणार. कारखान्यात बी आधी चाळणीतून काढून लहान, मध्यम, मोठी अशी वेगळी करतात, मग कुकरमध्ये वाफ देतात, मग जमिनीवर पसरून दिवसभर निवू देतात. निवली की आतला गर टरफलापासून थोडा सुटतो आणि टरफल सगळीकडून सारखं कडक होतं. तेव्हा कुठे ती कटिंगच्या टेबलावर येते. आणि ज्या मापाची बी त्या मापाला पातं लावलेलं असतं. माझ्या टेबलाला मध्यम बी यायची, कधी चुकून मोठी आली तर गराला पातं लागून तो चिरायचा आणि संध्याकाळी वजनात पाकळीच (अर्धा तुटलेला गर) जास्त भरायची.

तुझ्या त्या बायका बी भाजतात. भाजलेली बी म्हणजे वेगळीच वस्तू. एका बाजूला टरफलाचा कोळसा झालेला, दुसऱ्या बाजूला अर्धं कच्चं. पातं बसलं की भाजलेल्या बाजूचा भुगा होतो आणि पातं सरळ गरात जातं. दांड्याने मारताना बाईला हाताला कळतं कुठे मारायचं, किती जोर लावायचा, बी फिरवून ती योग्य बाजू वर घेते. तुझ्या पेडलला ते कळत नाही. वर सगळ्या आकारांच्या बिया एकत्र. मला तर वाटतं तिथे शंभरातले पन्नासही अख्खे निघाले नसतील, आणि त्या तुम्हाला तोंडावर बोलल्या नाहीत कारण तुम्ही लांबून आलात, पाहुणे.

आता तू म्हणशील मग त्यांनाही वाफवायला शिकवू. थांब. भाजताना टरफलातलं कातडी जाळणारं तेल बरंचसं जळून जातं. वाफवलेल्या बीत ते तसंच आत राहतं आणि कापताना बोटांवर उडतं. आम्ही टेबलावर एरंडेलाची वाटी आणि राखेचा डबा ठेवायचो, दर दहा मिनिटांनी हात बुडवायचा, तरी माझ्या उजव्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी आजही गुळगुळीत आहे, आधारच्या वेळी ठसा उठायला चार वेळा दाबावं लागलं. म्हणजे हात वाचवायला म्हणून मशीन दिलंस आणि वाफ शिकवलीस तर हात जास्तच जातील.

अजून दोन प्रश्न. एक, त्या गर कुणाला विकतात? एक्स्पोर्टवाल्याला विकत असतील तर अख्ख्या गराला दर आहे, डब्ल्यू 180, 240, 320 असे नंबर असतात, नंबर जेवढा कमी तेवढा गर मोठा, कारण एका पौंडात तेवढे गर बसतात. पण रस्त्यावर पुडी करून विकत असतील तर पाकळी काय नि अख्खा काय, भाजल्याचा वास चांगला आला की माणूस घेतो. दोन, त्या बसतात कशा? गोल करून दहा जणी बसत असतील, मांडीवर पोर, गप्पा चाललेल्या. तुझ्या मशीनवर एकच बाई बसणार. बाकीच्या नऊ जणींनी काय करायचं?

आणि ट्रेनिंगला तुमचं बोलणं त्यांना कोण समजावून सांगत होतं?

पंपवाला_म्हापसा

मावशींनी जे लिहिलं त्याला नमस्कार. मी काजूतला नाही, पण हातपंपांच्या कामात आठ वर्षं मलावी आणि मोझांबिकमध्ये होतो, त्यामुळे थोडं.

आपल्याकडचीच एक गोष्ट आहे जी आपल्या पोरांना माहीत नसते याचं मला फार वाईट वाटतं. साठ-सत्तरच्या दशकात दुष्काळी भागात बोअर मारून जे ओतीव लोखंडाचे पंप बसवले ते धडाधड बंद पडायचे, कारण ते मुळात एका घराच्या परसातल्या वापरासाठी केलेले आणि इथे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा मारायचं. त्यावर उपाय कुठल्या मोठ्या लॅबमध्ये निघाला नाही. जालन्याच्या मिशनमधल्या मेकॅनिकांनी स्टीलचं हेड वेल्डिंग करून बघितलं, मग सोलापूरला ते अजून सुधारलं, साखळी लावून दांड्याची ओढ सरळ केली, बेअरिंग बंद खोबणीत टाकली. तोच सोलापूर पंप पुढे युनिसेफ आणि भारत सरकारने हातात घेतला, त्यावर चाचण्या केल्या आणि त्याचा इंडिया मार्क टू झाला. पेटंटच्या भानगडीत नाही पडले, कुणीही बनवावा. आज आफ्रिकेत कुठेही जा, तो दिसतो. म्हणजे परदेशातल्या गरजू गावांना उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान आपल्या सोलापूरच्या वर्कशॉपमधून गेलंय.

पण गंमत पुढे आहे. तोच पंप तिथे गेल्यावर अडचणी आल्या. आतलं काही बिघडलं की सगळे लोखंडी पाइप वर ओढायला ट्रायपॉड, चेनब्लॉक आणि चार-पाच माणसं लागायची. आपल्याकडे जिल्ह्याची गाडी यायची, तिथे ती गाडीच नाही. काही भागात पाणी आंबट, त्यात ते लोखंडी पाइप गंजून पाण्याला लाल रंग यायचा, बायका ते पाणी नाकारायच्या. मग ऐंशीच्या दशकात मलावी-केनियाकडे आफ्रिदेव पंप निघाला, त्यात प्लॅस्टिकचे पाइप, प्लॅस्टिकची बेअरिंगं आणि जवळजवळ सगळं एकाच पान्याने उघडतं. मी स्वतः बघितलंय, एका गावात दोन बायकांनी तासाभरात आफ्रिदेवचा वॉशर बदलला, एकीच्या पाठीला मूल बांधलेलं होतं आणि ते पूर्ण वेळ झोपलेलं. मोझांबिकमध्ये हेच पंप जास्त दिसतात.

तुझ्या मशीनबद्दल माझा प्रश्न एवढाच की पेडलची स्प्रिंग तुटली तर ती त्या गावात कुठे मिळणार? पात्याला धार कोण लावणार? नाम्पुलाकडे सायकली खूप आहेत, म्हणजे सायकलवाला मेकॅनिक प्रत्येक बाजारात असतो. तुझ्या मशीनमध्ये सायकलचा एक तरी पार्ट आहे का?

चौथंवर्ष_मेकॅनिकल

मावशी, तुम्ही विचारलेलं वाचून मी रात्री मामांना फोन लावला. एकेक सांगतो.

बिया, हो, वाफवलेल्याच होत्या, आणि कारखान्यातून आणल्या म्हणजे मापाने वेगळ्या केलेल्याही. आमच्या कुणाच्या डोक्यात हा फरक आलाच नाही. व्हिडिओत त्या भाजताना दिसत होत्या, आम्ही फक्त फोडायचा भाग परत परत बघत होतो.

समजावून सांगायला गावातले तीन पुरुष होते, त्यांना पोर्तुगीज येतं. आमच्या टीममधली मुलगी आजीकडून थोडं पोर्तुगीज शिकली होती त्यामुळे आम्हाला वाटलं आपलं काम झालं. पण त्या बायकांची भाषा माखुवा आहे, पोर्तुगीज त्यांच्यातल्या दोघींनाच येतं आणि त्याही पुरुषांसमोर बोलल्या नाहीत. म्हणजे चार दिवस आम्ही बायकांना प्रश्न विचारले आणि उत्तरं पुरुषांची घेऊन आलो. हे लिहितानाही मला त्रास होतोय.

मामांनी आता तिथल्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना विनंती केलीय, त्या माखुवा बोलतात, त्या एकट्या जाऊन बसतील.

पंपवाले काका, सायकलचा एकही पार्ट नाही. स्प्रिंग आम्ही बेळगावहून मागवली होती.

रात्रपाळी_वेर्णा

मित्रा, मी पाच वर्षांपूर्वी तुझ्याच जागी होतो (व्हीलचेअरचा प्रोजेक्ट, नेपाळसाठी, कधी पोचलाच नाही) म्हणून मुद्दाम लिहितोय, शिफ्टवरून आल्यावर.

पहिलं, हे तुमच्याच बाबतीत झालं असं समजू नको. प्लेपंप शोधून वाच. दक्षिण आफ्रिकेतली कल्पना, मुलांचं गोल फिरायचं चक्र, मुलं खेळतात आणि त्यावर पाणी वर चढतं. ऐकायला इतकं छान की 2006 साली अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर्स जाहीर झाले, 2010 पर्यंत चार हजार पंप बसवायचे होते. एका पंपाला साधारण 14 हजार डॉलर्स. एका वर्तमानपत्राने हिशेब केला तर जेवढ्या लोकांना पाणी देऊ म्हणत होते तेवढं काढायला मुलांनी दिवसाचे 27 तास खेळायला हवं होतं. मुलं शाळेत गेली की मोठ्या बायकांना ते चक्र वाकून हाताने ढकलावं लागायचं आणि त्यांना त्याची लाज वाटायची. यातले काही पंप मोझांबिकमध्येही बसवलेले. आधी तिथे साधे हातपंप होते ते काढून हे बसवले असंही झालं.

दुसरं, चांगलीही उदाहरणं आहेत आणि त्यात विद्यार्थीच होते. स्टॅनफर्डची मुलं 2007 मध्ये नेपाळला गेली, स्वस्त इनक्युबेटर करायचा म्हणून. काठमांडूच्या हॉस्पिटलमध्ये बघतात तर इनक्युबेटर रिकामे पडलेले, कारण कमी वजनाची बाळं जन्मत होती गावात आणि तिथून शहरापर्यंत पोचतच नव्हती. मग त्यांनी इनक्युबेटरचा नाद सोडला आणि बाळाला गुंडाळायची छोटी पिशवी केली, आत मेणासारखा पदार्थ, एकदा गरम केला की चार-एक तास 37 अंशाच्या आसपास राहतो. मुळात जो प्रॉब्लेम घेऊन गेले तो बदलून परत आले, हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं. जयपूर फूटवाल्यांबरोबर स्टॅनफर्डच्याच मुलांनी गुडघा केला, तेलात मुरवलेल्या नायलॉनचा, वीसेक डॉलर्सचा, 2009 मध्ये त्याचं खूप नाव झालं. पण तिथे आधीपासून जयपूरला बसून हजारो लोकांना पाय बसवणारी माणसं होती, रामचंद्र शर्मांसारख्या कारागिराने आणि डॉ. सेठींनी 1968 मध्येच ठरवलं होतं की आपल्या माणसाला उकिडवं बसता आलं पाहिजे, शेतात अनवाणी चालता आलं पाहिजे. मुलं त्या अनुभवावर उभी राहिली.

एमआयटीच्या मुलांची लिव्हरवाली व्हीलचेअर पण बघ, ती सायकलच्या पार्टवर आहे (पंपवाले काका म्हणाले तसं). पहिलं मॉडेल पूर्व आफ्रिकेत वापरून बघितलं तर बाहेरच्या खडबडीत रस्त्यावर मस्त, पण घराच्या आत फिरवायला रुंद आणि उचलायला जड. वापरणाऱ्यांनी सांगितलं, परत बनवली.

तिसरं आणि महत्त्वाचं, रिपोर्ट. गाइडचं ऐकून 88 टक्के लिहून मोकळा होऊ नको. कॅनडातल्या एंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्सने 2008 पासून दर वर्षी आपल्या फसलेल्या कामांचा अहवाल छापायला सुरुवात केली, नावानिशी, काय चुकलं ते. तू वाफवलेली बी आणि भाजलेली बी यातला फरक, पाच-सहा पानं मोजमापांसकट लिहिलास तर पुढच्या वर्षी कुणी हे करायला घेईल त्याचं एक वर्ष वाचेल. मी माझं लिहिलं नाही. रिपोर्टमध्ये "यशस्वी" लिहिलं आणि ए ग्रेड मिळाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी आमच्याच ज्युनिअरनी तीच व्हीलचेअर, तीच चूक परत केली. ते मला आजही टोचतं.

दिवाडकर_खाजन

आमच्याकडच्या मानशीचं सांगतो, विषय लांबचा वाटेल पण नाही.

मानस म्हणजे खाजनाच्या (खाडीकाठच्या भातशेतीच्या) बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी नदीतून चढलं की त्याच्याच दाबाने दार बंद होतं, खारं पाणी शेतात येत नाही, आणि ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या दाबाने उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. मोटर नाही, माणूस उभा ठेवावा लागत नाही. लाकूड कुजलं की गावातलाच मेस्त (सुतार) नवीन फळी घालतो. पण मला खरं सांगायचंय ते पैशाचं. मानशीपाशी ओहोटीला मासळी सापडते, ती धरायच्या हक्काचा दर वर्षी लिलाव होतो आणि त्या पैशातून कुळांची संघटना बांधाची आणि दाराची डागडुजी करते. म्हणजे दुरुस्तीचा पैसा त्या दारातूनच येतो.

आमच्या शेजारच्या गावात मधे लोखंडी दार बसवून दिलं. खाऱ्या पाण्यात तीन-चार वर्षांत गंजून अडकलं, मेस्ताला वेल्डिंग येत नाही, ज्यांनी बसवलं ते परत फिरकले नाहीत आणि दोन पावसाळे भातशेती खारी झाली. माझ्या मेव्हण्याची तीन शेतं त्यात गेली. आता परत लाकडी बसवलंय.

तर तुझ्या मशीनच्या दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हे बायकांना विचारलंस का? गटाच्या पैशातून म्हणत असशील तर ते पैसे कोण ठेवतं तेही विचार.

चौथंवर्ष_मेकॅनिकल

आज नर्सबाईंचा निरोप आला, मामांनी भाषांतर करून पाठवलाय. मी तो आमच्या पाचही जणांना वाचून दाखवला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मावशी, तुम्ही म्हणालात ते जवळजवळ सगळं बरोबर निघालं. गर त्या हायवेच्या कडेला बस आणि ट्रकवाल्यांना प्लॅस्टिकच्या पुड्यांतून विकतात. अख्खा-तुटका बघत कुणी नाही. मशीनवर गराचा चुरा व्हायचा आणि चुरा मात्र विकला जात नाही, म्हणून तोटा. शिवाय मशीनवर कोण बसणार यावरून दोघींचं वाजलं, आणि दिवाडकर, तुम्ही विचारलंत तेही निघालंच, मशीन आल्यावर गटाचे पैसे आपण ठेवतो असं एका पुरुषाने म्हणायला सुरुवात केली, कारण मशीन "पाहुण्यांनी गावाला दिलंय". बायकांनी गुपचूप मशीनवर कापड घातलं आणि पैसे स्वतःकडे ठेवले. म्हणजे जपून ठेवलंय ते खरंच, पण का ते आम्हाला आत्ता कळलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. नर्सबाईंनी विचारलं की कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तर एकीनेही फोडणं म्हटलं नाही. सगळ्यांनी धूर म्हटलं. भाजायचं काम त्या उघड्या पत्र्यावर करतात, तेल पेटतं, ठिणग्या उडतात, तो धूर डोळ्यांत आणि घशात जातो, भाजणाऱ्या दोन-तीन जणींना रात्रभर खोकला असतो, एकीच्या हातावर तेल उडून झालेली जखम अजून भरलेली नाही. हातांचे काळे डागही बरेचसे भाजतानाचे आहेत, फोडतानाचे नाहीत. व्हिडिओत भाजणंही होतं, आम्ही तो भाग नीट बघितलाच नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी आम्ही मुलं तीन दगड मांडून, पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून काजूबिया भाजायचो. तेल पेटलं की सगळे ओरडत मागे पळायचो, आजी राख टाकून विझवायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूला बसा म्हणून ओरडायची. तो धूर मला माहीत आहे, डोळ्यांत गेला की तासभर पाणी थांबत नाही. आम्ही ते वर्षातून दोनदा करायचो. त्या हंगामभर रोज करतात. मला हे आधी आठवायला हवं होतं.

आता ठरवलंय ते असं. मशीन बाजूला. त्या पुरुषाशी मामा बोलणार आहेत, पण मशीन कुणाचं ते बायकांच्या गटाच्या बैठकीतच, माखुवात ठरेल, आणि त्यांना ते मोडीत घालायचं असेल तर घालतील. रिपोर्टमध्ये सगळं लिहितोय. गाइडना काल सांगितलं, ते खूश नव्हते, मार्क कमी पडतील म्हणाले. पडू देत, पाचही जण तयार आहेत. दोन दिवस बाजारातून भाजायच्या बिया आणून स्वतः भाजल्या आणि आमच्याच मशीनवर फोडल्या. शंभरातले 41 अख्खे, 30 पाकळ्या, बाकीचा चुरा. हा टेबल 88 वाल्या टेबलाच्या शेजारीच लावतोय.

आणि भाजायचं काहीतरी करायला घेतलंय, पण या वेळी कागदावर काढायच्या आधी विचारतोय. धूर बाईपासून लांब जाईल आणि पेटतं तेल अंगावर येणार नाही असं काही तुम्ही पाहिलंय का कुणी?

पंपवाला_म्हापसा

शाब्बास. मला मेसेज कर, नाम्पुलाच्या बाजारातला एक वेल्डर माझ्या ओळखीचा आहे, पंपांच्या कामात आमचे पाइप तोच जोडायचा. या वेळी इथून काही नेऊ नका. चित्र न्या, वस्तू त्याच्याकडून तिथेच करून घ्या, त्याच्याकडे जो पत्रा आणि जो रॉड असेल त्यातून. बिघडलं तर त्या त्याच्याकडेच जातील. आणि चित्र त्याला दाखवायच्या आधी बायकांना दाखवा, मातीत काठीने काढून.

पर्वरीकर

वरचं सगळं वाचलं. मी सुरुवातीला बोललो ते थोडं घाईत होतं. माझ्या भावाची सत्तरी तालुक्यात काजूची बाग आहे, भाजून बघायला बिया लागतील तेवढ्या त्याच्याकडून घ्या, पैसे नकोत. आणि हे जमलं तर त्याच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनाही दाखवा, त्याही घरी तशाच पत्र्यावर भाजतात.

सत्तरीची_मावशी

पाहिलंय. आमच्या कारखान्यात कुकर यायच्या आधी ड्रमच होता. तिरका ठेवलेला लोखंडी ड्रम, खाली भट्टी, एक जण हाताने फिरवायचा, वरच्या तोंडातून बिया घालायच्या, खालच्या तोंडातून पेटलेल्या बाहेर पडायच्या आणि लगेच पाणी मारायचं, पाणी मारलं की वाफेचा लोट उठायचा. वर पत्र्याचं धुराडं होतं. धूर जायचा वर, पण पाणी मारणाऱ्या बाईच्या तोंडावर वाफ यायची ती यायचीच, ते त्यांनी शेवटपर्यंत सुधारलं नाही. तू तिथूनच सुरू कर. राखेत टाकून विझवलं तर वाफ येत नाही, पण मग बी लवकर निवत नाही आणि बाईला फोडायला थांबावं लागतं, ते त्या थांबतील का हे त्यांनाच विचार.

रविवारी ये सगळे. आमच्या मागच्या अंगणात जागा आहे, शेजारीण पण येईल, तीही भाजणीला होती. येताना दोनशे लिटरचा एखादा जुना ड्रम मिळाला तर आण, पण त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचारून आण, रंगाचा किंवा औषधाचा अजिबात नको, त्यात खायची वस्तू भाजायची आहे. आणि तुमच्या ग्रुपमधल्या मुलींना नक्की आण, त्यांना मी आधी नुसतं बसून भाजायला लावणार आहे.